घर क्रमांक एकसष्ट

संक्रमण शिबिर, इमारत नऊ, प्रतीक्षानगर.
माझ्या वाट्याला दोनशे सात घरं आणि एक टॅब,
उन्हात दिसत नाही, जिन्यात तापतो.
पाचवी ब सध्या देवरुखकर बाईंच्या गळ्यात.

चौथ्या मजल्यावर शिरवडकर.
पूर्वी ठाकुरद्वारला. इमारतीला टेकू लागले
तेव्हा इथे आले, दोन वर्षांसाठी.
मुलगा तेव्हा सहावीत होता,
आता त्याची मुलगी बीकॉमला आहे.
घर मालकीचं की भाड्याचं?
"वाटेवरचं लिहा," म्हणाले.
टॅबमध्ये वाटेवरचं नाही. मी 'इतर' दाबलं.

भिंतीवर कॅलेंडर. सन अठ्ठ्याहत्तर, एप्रिल.
एप्रिलच्या पुढे कुणी गेलंच नाही.
फोटोत एक चौक, चौकात काळ्या कोटांची दाटी,
आणि सगळ्यांचे हात वर.
मला वाटलं, कुणीतरी प्रश्न विचारलाय
आणि अख्ख्या वर्गाला उत्तर येतंय.
माझ्या वर्गात असं एकदाही झालेलं नाही.

"हे अप्पनझेल," शिरवडकर म्हणाले.
एकतीस वर्षं रंगाच्या कंपनीत, पॅकिंगला.
तिथल्या स्विस साहेबाने जाताना दिलेलं.
त्याचं गाव. गाव कसलं, राज्यच.
कँटन म्हणतात.
आपलं सरकार, आपला खजिना, आपले कायदे,
आणि माणसं तेव्हा तेरा-चौदा हजार.
मी मनात इमारती मांडत गेले,
नऊ नंबरपासून बेस्टच्या डेपोपर्यंत.
झालं राज्य. वर दोन मजले उरले.

वर्षातून एका रविवारी सगळे चौकात यायचे,
कमरेला आजाची तलवार, तेच ओळखपत्र.
रस्ता करायचा का? कर वाढवायचा का?
हात वर.
"आणि मोजायचं कोण?" मी विचारलं.
धंद्याचा प्रश्न होता.
"कुणी नाही. मंचावरून एक माणूस बघायचा.
नुसता बघायचा, बाई, आणि सांगायचा
झालं की नाही. फारच अडलं तर मोजणी."

मी चप्पल काढून पाय फरशीवर टेकवले.
आमच्याकडे हात वर होतो तो टॅक्सीसाठी.
नगरसेवकाच्या ऑफिसात परवा गेले होते,
कुलपावर कुणीतरी लग्नाची पत्रिका खोचलेली.
पाणी साडेचारला येतं.
ते साडेचार कुणी ठरवले,
हे इमारत नऊमध्ये कुणालाच ठाऊक नाही.

"ह्यात एकही बाई नाही."
आवाज ओट्याकडून आला.
"लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय.
बायका वर आहेत, खिडक्यांत.
ती हिरवी खिडकी बघा. दोघी आहेत,
एकीच्या कडेवर पोर."
मी चष्मा लावून जवळ गेले.
होत्या.

"मिळालं की नंतर मत त्यांना," शिरवडकर जरा दुखावले,
जणू फोटो त्यांनीच काढला होता.
"नव्वद साली. कोर्टाने दिलं."
"नव्वद," ती म्हणाली. पोळी उलटली.
"म्हणजे आपण इथे आलो त्या सुमाराला.
त्या खाली उतरल्या तर.
आपण अजून चौथ्या मजल्यावर."

कुकरची शिट्टी झाली. कुणी काही बोललं नाही.
टॅब विझला होता, तो पुन्हा पेटवला.
पुढचा रकाना: कुटुंबप्रमुखाचं नाव.
शिरवडकरांनी घसा साफ केला
आणि तेवढ्यात तिचा हात वर गेला,
मनगटापर्यंत पीठ.
वर फडताळ होतं, फडताळात डबा होता,
हेही मी बघितलं.

मंदाकिनी, लिहिलं मी. वय?
"एकाहत्तर," ती म्हणाली. मागे वळली नाही.
शिरवडकर कॅलेंडरकडे बघत होते,
त्या हिरव्या खिडकीकडे बहुतेक.
मग म्हणाले, "चहा घेणार ना?"

घर क्रमांक बासष्टला कुलूप.
शेजारी म्हणाले, रविवारी या,
रविवारी असतात सगळे.